चाकावरून उतरलेली फीत कशी वाचावी: जलद थंड केलेल्या दुर्मिळ मृदा चुंबकीय मिश्रधातूंतील प्रावस्था

नियोडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे वितळलेले मिश्रण मुशीतच सावकाश गार होऊ दिले, तर त्यातून मऊ लोहाचे जाडसर स्फटिक विखुरलेला, चुंबक म्हणून जवळजवळ निरुपयोगी असा गोळा मिळतो. तेच मिश्रण वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर बारीक धारेने सोडले, तर ते साधारण एका मिलिसेकंदात गोठते आणि त्याच घटकांपासून उत्तम कायम चुंबकाची सामग्री तयार होते. चाक आणखी वेगाने फिरवले, तर स्फटिकच न बनता काचेसारखी अस्फटिकी फीत हाती येते. घटक तेच राहूनही फळ इतके वेगळे का मिळते, हे समजून घेणे म्हणजेच प्रावस्थांची, म्हणजे मिश्रधातूतील ठरावीक रचनेच्या वेगवेगळ्या द्रव्यांची, निर्मिती समजून घेणे होय. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच अशा फिती तयार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या विद्यार्थ्याला कामाचा क्रम लावता यावा आणि आपल्या हातातील फितीत नेमके काय आहे हे खात्रीने सांगता यावे, यासाठी हा लेख आहे. मुख्य उदाहरण नियोडिमियम-लोह-बोरॉनचे घेतले आहे, कारण या कुळातील बहुतेक अडचणी त्यात एकत्र भेटतात.

आधी समतोलातील चित्र

जलद शीतनाकडे वळण्यापूर्वी, मिश्रण अगदी सावकाश गार केले असता काय घडते हे माहीत असले पाहिजे. ज्या मार्गापासून दूर जायचे आहे तो मार्गच ठाऊक नसेल, तर चाकाचा वेग कशासाठी बदलायचा हे कळत नाही.

आपल्याला हवी असलेली प्रावस्था म्हणजे नियोडिमियमचे २, लोहाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू या प्रमाणातील संयुग. तिला थोडक्यात २:१४:१ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील सुमितोमो स्पेशल मेटल्स या कंपनीत मासातो सागावा यांनी भुकटी दाबून व भाजून, तर अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेला धातू चाकावर गोठवून, अशा दोन स्वतंत्र वाटांनी हे चुंबक तयार केले. या प्रावस्थेचे जालक चतुष्कोनी असून त्याच्या एका एकक कोशात ६८ अणू असतात. कोशाची बाजू सुमारे ८.८० अँगस्ट्रॉम आणि उंची सुमारे १२.२० अँगस्ट्रॉम असते. चुंबकन या उंचीच्या दिशेला, म्हणजे सी-अक्षाला, घट्ट धरून राहते आणि कायम चुंबकाचे सारे बळ याच गुणात असते. संपृक्त चुंबकन सुमारे १.६ टेस्ला आणि क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर हे चुंबकन नाहीसे होते ते तापमान, सुमारे ३१२° से. आहे. हा शेवटचा आकडा पाठच करून ठेवावा, कारण तपासणीच्या वेळी तो वारंवार लागतो.

अडचण अशी की ही प्रावस्था द्रवातून सरळ जन्माला येत नाही. नेमक्या २:१४:१ प्रमाणातील द्रव गार होऊ लागला, की सर्वांत आधी लोहाचे वृक्षाकार स्फटिक वाढू लागतात. पुढे सुमारे ११८०° से. ला हे लोह आणि उरलेला द्रव यांच्यात पेरिटेक्टिक अभिक्रिया होऊन २:१४:१ तयार होते. परंतु ती लोहाच्या स्फटिकांभोवती कवचासारखी साचते आणि आतल्या लोहाला बाहेरच्या द्रवापर्यंत पोहोचण्यासाठी त्या घन कवचातून विसरण करत, म्हणजे अणू-अणूने सरकत, जावे लागते. घन पदार्थातील विसरण इतके मंद असते की अभिक्रिया अर्धवट राहते. आत लोहाचा गाभा उरतो आणि ज्या द्रवाला लोह मिळाले नाही तो नियोडिमियमने समृद्ध होत जाऊन शेवटी सुमारे ६५५° से. च्या युटेक्टिक तापमानाला गोठतो. सोबत बोरॉनसमृद्ध १:४:४ ही प्रावस्थाही थोड्या प्रमाणात येते, जी सामान्य तापमानाला चुंबकीय नसते.

म्हणूनच व्यवहारातील मिश्रधातूंत नियोडिमियम नेमक्या प्रमाणापेक्षा थोडे अधिक ठेवतात. नेमके प्रमाण अणुसंख्येच्या हिशेबाने सुमारे ११.८% आहे, प्रत्यक्षात १३% ते १५% घेतल्यास लोह आधी गोठण्याचा टप्पा आखूड होतो. जलद शीतन हा याच अडचणीवरचा दुसरा आणि अधिक मूलगामी उपाय आहे.

जलद शीतनाने काय बदलते

नवख्या व्यक्तीचा सहसा असा समज असतो की जलद शीतन म्हणजे केवळ वेळ कमी देणे. तो अर्धाच खरा आहे. वेळ कमी मिळाल्यामुळे विसरण थांबते आणि स्फटिक लहान राहतात, हे बरोबरच आहे. पण दुसरा परिणाम तितकाच महत्त्वाचा आहे. द्रव आपल्या गोठणबिंदूच्या खाली बराच खोलवर द्रवरूपातच जातो. याला अतिशीतन म्हणतात. अशा अतिशीतित द्रवापुढे एकाच वेळी अनेक प्रावस्थांचे पर्याय खुले होतात आणि कोणती प्रावस्था सर्वांत स्थिर आहे याऐवजी कोणत्या प्रावस्थेचे स्फटिकबीज आधी तयार होते आणि कोणती अधिक वेगाने वाढते, यावर निकाल ठरू लागतो.

नियोडिमियम-लोह-बोरॉनमध्ये ही स्पर्धा ठरावीक क्रमाने चालते. अतिशीतन थोडे असेल, तर लोहच आधी गोठते. ते इतके वाढले की द्रव ११८०° से. च्या बराच खाली द्रवरूपातच पोहोचला, तर लोहाला वगळून २:१४:१ थेट द्रवातूनच वाढू शकते; मग पेरिटेक्टिक अभिक्रियेची गरजच उरत नाही. नेमक्या प्रमाणाच्या आसपासच्या काही मिश्रणांत याहून खोल अतिशीतनाला तिसराच स्पर्धक पुढे येतो: २:१७ च्या (नियोडिमियमचे २ व लोहाचे १७ अणू) जालकात थोडे बोरॉन सामावलेली एक अस्थिर प्रावस्था, जी पुढे गार होताना किंवा तापवताना २:१४:१ आणि लोह यांत मोडते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण फितीत दिसणारे लोह नेहमीच द्रवातून आलेले नसते. ते अस्थिर प्रावस्था मोडल्यामुळेही आलेले असू शकते आणि या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. शीतन याहूनही जलद झाले, तर कोणत्याच प्रावस्थेला स्फटिकबीज बनवायला अवसर मिळत नाही आणि द्रवाची विस्कळीत रचना तशीच गोठून अस्फटिकी धातू तयार होतो.

हे सारे समजण्यासाठी एक आकृती स्वतः काढून पाहावी. उभ्या अक्षावर तापमान आणि आडव्या अक्षावर काळ घेऊन प्रत्येक प्रावस्था कधी सुरू होते याची नाकासारखी पुढे आलेली वक्ररेषा काढावी. फितीच्या एखाद्या बिंदूचा शीतनमार्ग ही त्या आकृतीतील उतरती रेषा असते. ती ज्या नाकाला आधी स्पर्श करते ती प्रावस्था आधी मिळते, आणि सर्व नाकांच्या डावीकडून निसटली तर फीत अस्फटिकी राहते. मी मुद्दाम ‘एखाद्या बिंदूचा’ असे म्हणतो, कारण एकाच फितीतील वेगवेगळ्या बिंदूंचे शीतनमार्ग वेगळे असतात.

समॅरियम-कोबाल्टमध्ये हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसते. १:५ च्या षट्कोनी जालकातील काही समॅरियम अणूंच्या जागी कोबाल्टच्या जोड्या बसल्या आणि त्या सुव्यवस्थित क्रमाने मांडल्या गेल्या, की २:१७ ची रचना मिळते. जलद शीतनात जोड्या बसतात, पण क्रम लागायला वेळ मिळत नाही. त्यामुळे १:७ ही अव्यवस्थित, अस्थिर प्रावस्था टिकून राहते. समॅरियम-लोहातही अशीच १:७ प्रावस्था चाकावर मिळते आणि मग सुमारे ४५०° से. ला नायट्रोजन शोषवून तिच्यापासून चुंबकीय भुकटी तयार करतात.

मूळ मिश्रधातूची तयारी

फितीतील निम्म्याहून अधिक दोषांचे मूळ चाकात नसून मूळ मिश्रधातूच्या वजनकाट्यावर असते, असे माझे ठाम मत आहे. नेमक्या २:१४:१ चे वजनी प्रमाण नियोडिमियम २६.७%, लोह ७२.३% आणि बोरॉन १.०% इतके येते. बोरॉनचा हा एक टक्का दिसायला क्षुल्लक आहे. पण तो १.० ऐवजी ०.९ झाला, तर अणुसंख्येच्या हिशेबात बोरॉन ५.९% वरून सुमारे ५.३% वर येते आणि मिश्रण २:१७ प्रावस्थेच्या प्रदेशाकडे सरकते. १० ग्रॅमच्या गोळ्यात ही चूक फक्त १० मिलिग्रॅम बोरॉनची असते. शुद्ध बोरॉन भुकटी उडून जाते आणि सहज विरघळत नाही, म्हणून फेरोबोरॉन, म्हणजे लोह-बोरॉनचा तयार मिश्रधातू, वापरणे सोयीचे. मात्र त्यातील बोरॉनचे प्रमाण पुरवठादाराच्या विश्लेषणपत्रावरून घेऊन उरलेल्या लोहाचा हिशेब नीट करावा.

नियोडिमियमच्या तुकड्यांवरचा ऑक्साइडचा थर वितळवण्याच्या अगदी आधी घासून काढावा. हा थर वजनात मोजला जातो, पण मिश्रधातूत उतरत नाही. परिणामी प्रत्यक्षातील नियोडिमियम कमी पडते आणि लोह वाढते. आर्क भट्टीत आर्गॉन वायू भरून आधी टायटॅनियमचा गोळा वितळवावा, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो शोषून घेतो. नंतर मिश्रधातूचा गोळा उलटून-पालटून किमान चार-पाच वेळा वितळवावा. वितळवण्याच्या आधीचे आणि नंतरचे वजन नोंदवावे. नियोडिमियमचा उत्कलनबिंदू ३०००° से. च्या वर असल्याने त्याचे बाष्पीभवन थोडे असते. समॅरियम मात्र १८००° से. च्या आतच उकळते, त्यामुळे त्याचा घाटा नक्की होतो आणि तो स्वतःच्या भट्टीवर मोजून तेवढे समॅरियम आधीच जास्त घालावे लागते.

हा गोळा सावकाश गार झालेला असल्यामुळे त्यात लोहाचे स्फटिक असणारच. त्याने घाबरून जाऊ नये. चाकावर सोडण्यापूर्वी तो पूर्ण वितळला पाहिजे, एवढीच अट आहे. अर्धवट वितळलेल्या द्रवात लोहाचे तयार स्फटिक शिल्लक राहिले, तर तेच स्फटिकबीज म्हणून काम करतात आणि मग चाकाचा वेग कितीही वाढवला तरी लोह हटत नाही.

चाकावर गोठवणे

या पद्धतीला मेल्ट स्पिनिंग म्हणतात. क्वार्ट्झच्या किंवा बोरॉन नायट्राइडच्या नळीत मिश्रधातू प्रवर्तन भट्टीने वितळवतात, वरून आर्गॉनचा दाब देऊन तळाच्या साधारण अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून धार सोडतात, आणि ती तांब्याच्या फिरत्या चाकावर आपटून फीत बनते. क्वार्ट्झ वापरत असल्यास एक खबरदारी घ्यावी: तप्त नियोडिमियम सिलिकाशी अभिक्रिया करते, म्हणून वितळलेला द्रव नळीत रेंगाळू देऊ नये. आतून बोरॉन नायट्राइडचा लेप दिल्यास बराच फरक पडतो.

शीतनाचा वेग किती, याचा अंदाज प्रत्येकाने एकदा कागदावर काढलाच पाहिजे. फितीतून चाकात जाणारी उष्णता ही फीत व चाक यांच्या तापमानातील फरक आणि त्यांच्यातील उष्णता-संक्रमण गुणांक यांच्या गुणाकाराइतकी असते. तिला घनता, विशिष्ट उष्णता आणि फितीची जाडी यांच्या गुणाकाराने भागले, की शीतनाचा वेग मिळतो. गुणांक दर चौरस मीटरला व दर केल्विनला १ लाख वॉट, तापमानातील फरक १२०० केल्विन, घनता दर घनमीटरला ७५०० किलोग्रॅम, विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला ७०० ज्यूल आणि जाडी ३० मायक्रोमीटर धरली, तर उत्तर सेकंदाला सुमारे ७.६ लाख केल्विन येते. म्हणजे हजार अंश उतरायला दीड मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ लागतो.

या हिशेबातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे सूत्रात चाकाचा वेग कुठेच नाही; तो जाडीच्या आणि संपर्काच्या मार्फत परिणाम करतो. म्हणून छिद्राचा व्यास, वायूचा दाब, द्रवाचे तापमान, चाकाच्या पृष्ठभागाची घासणी किंवा छिद्र व चाक यांतील अंतर बदलले, तर तोच वेग वेगळी फीत देतो. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या प्रयोगांत सेकंदाला सुमारे १९ मीटर हा वेग सर्वोत्तम ठरला होता. तो आकडा आपल्या यंत्रावर जसाच्या तसा लावून निराश होणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. कोणाच्याही वेगाची नक्कल न करता, फितीची जाडी मोजून तिची तुलना करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उष्णता फक्त चाकाच्या बाजूने बाहेर जाते. इतक्या पातळ फितीतही जाडीच्या दिशेने तापमानात फरक राहतो, त्यामुळे चाकाला लागलेली बाजू आधी व जलद, तर मोकळी बाजू उशिरा व सावकाश गोठते. चाकाच्या बाजूला अस्फटिकी थर, मध्ये अतिसूक्ष्म स्फटिक आणि मोकळ्या बाजूला मोठे स्फटिक किंवा लोहसुद्धा, असा थरांचा क्रम एकाच फितीत सापडणे मुळीच असामान्य नाही. त्यातच आर्गॉनने भरलेल्या कोठीत द्रव आणि चाक यांच्यामध्ये वायूचे बारीक बुडबुडे अडकतात. जिथे बुडबुडा तिथे संपर्क नाही, म्हणून तेथील ठिपका मंद गतीने गार होतो. चाकाच्या बाजूची फीत भिंगाखाली पाहिल्यास हे खळगे सहज दिसतात. कोठीतील दाब कमी केल्यास ते कमी होतात.

सुरुवात करताना इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवून वेगांची एक मालिका करावी, उदाहरणार्थ सेकंदाला १०, १५, २०, २५, ३० आणि ४० मीटर. प्रत्येक फेरीतील अगदी पहिल्या आणि अगदी शेवटच्या फिती वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, कारण सुरुवातीला धार स्थिर झालेली नसते आणि शेवटी चाक तापलेले असते. मधला भागच तपासणीला घ्यावा. फिती हाताळताना त्यांच्या बारीक चुऱ्यापासून सावध राहावे. या मिश्रधातूंची अतिसूक्ष्म भुकटी हवेत पेट घेऊ शकते, म्हणून दळण्याचे काम निष्क्रिय वायूत करावे.

थेट गोठवावे की अस्फटिकी करून तापवावे

चाकावरूनच योग्य आकाराचे स्फटिक मिळवणे हा एक मार्ग, आणि वेग जास्त ठेवून आधी अस्फटिकी फीत मिळवून तिचे अनुशीतन करणे, म्हणजे ती ठरावीक तापमानाला तापवणे, हा दुसरा. नवख्याने दुसऱ्या मार्गाने सुरुवात करावी, असे मी सुचवेन. थेट मार्गात योग्य वेगाची खिडकी फार अरुंद असते. थोडे इकडे गेले की स्फटिक मोठे होतात, थोडे तिकडे गेले की अस्फटिकी भाग उरतो. दुसऱ्या मार्गात फितीचा आरंभ एकसारखा असतो आणि स्फटिकांचा आकार तापमान व वेळ यांनी ठरवता येतो.

आधी डीएससी, म्हणजे तापवताना नमुन्यातून बाहेर पडणारी उष्णता मोजणारे उपकरण, वापरून स्फटिकीभवनाचे तापमान शोधावे. या मिश्रधातूंत ते साधारण ६००° से. च्या आसपास असते. मग त्याच्या थोडे वर, ६००° ते ७००° से. दरम्यान, काही मिनिटेच अनुशीतन करावे. तासन्‌तास तापवण्याचा मोह टाळावा. स्फटिक वाढत जातात आणि कोअर्सिव्हिटी, म्हणजे उलट क्षेत्रात चुंबकन टिकवून धरण्याची क्षमता, घसरते. उत्तम फितींमध्ये स्फटिकांचा आकार काही दशक नॅनोमीटर असतो. तापवण्याची गतीही नोंदवावी, कारण जलद तापवल्यास अनेक ठिकाणी एकदम स्फटिकबीजे बनून स्फटिक बारीक राहतात. नमुना निर्वात किंवा आर्गॉनने भरलेल्या बंद नळीत ठेवावा आणि शक्य असल्यास टँटलमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावा.

नियोडिमियम कमी आणि बोरॉन जास्त असलेल्या मिश्रणांत डीएससीच्या आलेखावर एकाऐवजी दोन शिखरे दिसू शकतात. त्यांत आधी लोहाचे बोराइड, म्हणजे लोहाचे ३ आणि बोरॉनचा १ अणू असलेली प्रावस्था, स्फटिकरूप घेते आणि नंतर २:१४:१ येते. येथे मऊ, म्हणजे चुंबकन सहज सोडणारी, प्रावस्था हा दोष नसतो. १९८८ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत कूहोर्न आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४% नियोडिमियम असलेल्या अशाच मिश्रधातूत कायम चुंबकाचे गुण दाखवून दिले, आणि १९९१ मध्ये क्नेलर व हाविग यांनी मऊ व कठीण स्फटिक परस्परांशी जखडले जाण्याची कल्पना सिद्धान्तरूपाने मांडली. अट एवढीच की मऊ स्फटिक १० नॅनोमीटरच्या आसपास राहिले पाहिजेत. लोह चांगले की वाईट, हे त्याच्या स्फटिकांच्या आकारावर ठरते.

प्रावस्था ओळखणे

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे थांबून काम करावे. पहिली तपासणी क्ष-किरण विवर्तनाची. तांब्याचे किरण लोहाला प्रतिदीप्त करतात आणि आलेखाची पार्श्वभूमी उंचावते. कोबाल्टचे किरण उपलब्ध असतील तर ते घ्यावेत, नाहीतर लोहाची प्रतिदीप्ती गाळणारी व्यवस्था वापरावी. शिवाय हे किरण फितीत काही मायक्रोमीटरच शिरतात, त्यामुळे फीत जशी चिकटवली असेल ती बाजूच फक्त दिसते. म्हणून तीन मोजमापे घ्यावीत: चाकाची बाजू, मोकळी बाजू आणि हलक्या हाताने कुटलेली भुकटी. चाकाच्या बाजूला रुंद कुबड आणि मोकळ्या बाजूला तीक्ष्ण रेषा दिसल्या, तर फीत थरांची आहे हे लगेच कळते.

आता एक विशिष्ट सापळा. तांब्याच्या किरणांत लोहाची सर्वांत प्रबळ (११०) रेषा ४४.७° जवळ येते. २:१४:१ ची (००६) रेषा ४४.५° जवळ येते. दोन्हींच्या प्रतलांतील अंतरे अनुक्रमे २.०२७ आणि २.०३३ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ सारखीच. ३० नॅनोमीटरच्या स्फटिकांमुळे प्रत्येक रेषा जवळपास ०.३° रुंद होते, त्यामुळे ०.१५° अंतरावरच्या या दोन रेषा वेगळ्या दिसणे शक्यच नसते. भरीस भर म्हणजे कमी वेगाने तयार केलेल्या फितींच्या मोकळ्या बाजूला सी-अक्ष पृष्ठभागाला लंब असे स्फटिक वाढण्याची प्रवृत्ती असते, आणि अशा वेळी (००६) रेषा अतिशय प्रबळ होते. ती लोह समजून चांगली फीत टाकून दिली जाते. यावर उपाय असा: ४४.६° जवळचे शिखर एकटे पाहू नये. ते वाढले असेल तर (००४) आणि (००८) या रेषाही वाढल्या आहेत का, हे पाहावे. वाढल्या असतील तर ती दिशा-निवड आहे. लोहाची (२००) रेषा ६५° जवळ आणि (२११) रेषा ८२.३° जवळ शोधावी. भुकटीत शिखर उतरले आणि फितीत उंच होते, तर त्यातूनही दिशा-निवडीचेच निदान होते. लोह थोडे आणि सूक्ष्म असेल तर ६५° ची क्षीण रेषा पार्श्वभूमीत बुडून जाते. म्हणून केवळ विवर्तनावर विसंबून ‘लोह नाही’ असे लिहू नये.

त्यासाठी दुसरी तपासणी करावी लागते. नमुना क्षीण चुंबकीय क्षेत्रात ठेवून निष्क्रिय वायूत तापवत जावे आणि चुंबकन कोणत्या तापमानाला कोसळते ते पाहावे. प्रत्येक चुंबकीय प्रावस्थेचे क्यूरी तापमान ही तिची ओळख असते: २:१४:१ ची घसरण ३१२° से. जवळ, वर सांगितलेल्या बोराइडची ५१०° से. च्या आसपास, लोहाची ७७०° से. ला, बोरॉनविरहित २:१७ ची सामान्य तापमानापेक्षा जेमतेम काही अंश वर, सुमारे ६०° से. च्या आत. ३१२° से. नंतर आलेख शून्यावर न येता सपाट उरला, तर लोह किंवा बोराइड आहे, मग विवर्तनात ते दिसो वा न दिसो. हा आलेख तापवताना आणि गार करताना असा दोन्ही वेळा काढावा. अस्फटिकी भागाचे क्यूरी तापमान २:१४:१ पेक्षा बरेच खाली असते आणि तो भाग ६००° से. जवळ स्फटिकरूप घेतो, त्यामुळे परतीच्या आलेखात ३१२° से. जवळची पायरी आधीपेक्षा मोठी दिसते. त्या वाढीवरून मूळ फितीत अस्फटिकी भाग किती होता याचा अंदाज येतो. वायूत ऑक्सिजन राहिला असेल, तर परतीच्या आलेखात लोहही वाढलेले दिसते, म्हणून लोहाबद्दलचा निष्कर्ष नेहमी जाण्याच्या आलेखावरून काढावा.

तिसरी तपासणी चुंबकीय फेरपाशाची, म्हणजे क्षेत्र उलटसुलट बदलताना चुंबकन कसे बदलते याच्या आलेखाची. फीत तिच्या पृष्ठभागाला समांतर क्षेत्रात मोजावी, म्हणजे स्वतःच्या आकारामुळे होणारे विचुंबकन नगण्य राहते. २ टेस्लाचे क्षेत्र अशा नमुन्यांना पूर्ण संपृक्त करत नाही. शक्य असल्यास आधी ४-५ टेस्लाच्या स्पंदाने चुंबकन करून घ्यावे. स्फटिक सर्व दिशांना विखुरलेले आणि परस्परांपासून अलिप्त असतील, तर अवशिष्ट चुंबकन संपृक्त मूल्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ०.८ टेस्ला असले पाहिजे. त्याहून स्पष्टपणे जास्त आले, तर स्फटिक परस्परांशी जखडलेले आहेत किंवा दिशा-निवड झाली आहे. पाश शून्य क्षेत्राजवळ अचानक खचून मग पुढे सरकत असेल, तर मऊ प्रावस्था मोठ्या आकारात स्वतंत्रपणे वागत आहे. मात्र हे मऊ द्रव्य लोह आहे की स्फटिकरूप न घेतलेला अस्फटिकी भाग, हे पाश सांगू शकत नाही; ते तापमानाचा आलेखच सांगतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या तिन्हींनंतर वापरावा. फितीचा आडवा छेद चमकवून पाहिला, तर जाडीतील थरांचा क्रम प्रत्यक्ष दिसतो. पण काही मायक्रोमीटरच्या एका चित्रावरून संपूर्ण फितीबद्दल विधान करू नये.

इतर पद्धतींकडे जाताना

भाजलेल्या चुंबकांसाठीचा कच्चा माल आज पट्टी-ओतकामाने, म्हणजे स्ट्रिप कास्टिंगने, तयार होतो. तेथे चाक सेकंदाला एक-दोन मीटरच फिरते, पट्टी काही दशांश मिलिमीटर जाड असते आणि शीतनाचा वेग सेकंदाला काही हजार केल्विनच्या घरात राहतो. उद्देशही वेगळा असतो: अतिसूक्ष्म स्फटिक नको असतात, फक्त लोहाचे वृक्षाकार स्फटिक टाळून नियोडिमियमसमृद्ध पातळ थर समान अंतरावर पसरलेले हवे असतात. वायूच्या झोताने धार फोडून थेंब बनवण्याच्या पद्धतीत प्रत्येक थेंबाचा शीतनवेग त्याच्या व्यासावर ठरतो. म्हणून तेथे भुकटी चाळून प्रत्येक आकारगट स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

निदान आणि नोंद

सर्व वेगांवर लोह दिसत असेल, तर चाकाला हात लावण्याआधी मूळ मिश्रणाचे विश्लेषण करावे आणि द्रव पूर्ण वितळला होता का ते तपासावे. लोह फक्त मोकळ्या बाजूला असेल, तर फीत जाड आहे. चाकाच्या बाजूला ठिपक्यांच्या स्वरूपात असेल, तर वायूचे बुडबुडे शोधावेत. अनुशीतनापूर्वी लोह नव्हते आणि नंतर आले, तर नियोडिमियम किंवा बोरॉन कमी पडले आहे, अस्थिर २:१७ मोडली आहे, किंवा नमुना ऑक्सिडीकृत झाला आहे. यांपैकी शेवटची शक्यता फितीचा रंग आणि तापवण्याआधीचे व नंतरचे वजन पाहून आधीच बाद करता येते.

प्रत्येक पिशवीवर मिश्रधातूचा क्रमांक, वितळवण्यातील वजनातील घट, द्रवाचे तापमान, छिद्राचा व्यास, वायूचा दाब, कोठीतील दाब, चाकाचा वेग आणि कमीत कमी दहा ठिकाणी मोजलेली फितीची जाडी लिहावी. विवर्तनाच्या प्रत्येक आलेखावर कोणती बाजू मोजली हेही त्याच वेळी लिहून ठेवावे. काही आठवड्यांनी आलेख पाहून ते ओळखता येत नाही.